तरतूद होती, मग पैसे गेले कुठे?

‘अर्थसंकल्पात तरतूद होती, तरी खानापूरच्या (जि. बेळगाव) शाळेचं छप्पर का रखडलं?’ या प्रश्नावर थोडी भर. तरतूद म्हणजे पैसा नव्हे, फक्त खर्चाची परवानगी. पैसा येतो करवसुलीतून, आणि तो आकडा मार्चमध्ये बांधलेला अंदाज असतो. मुद्रांक शुल्क किंवा जीएसटी कमी पडला की सुधारित अंदाजात (वर्ष सरताना पुन्हा मांडलेल्या आकड्यांत) कात्री लागते. पगार, पेन्शन, व्याज यांना हात लावता येत नाही, मग दुरुस्ती मागं पडते. केंद्र राज्यांना देत असलेली जीएसटीची भरपाई जून २०२२ मध्ये थांबली, तेव्हापासून चुकलेला अंदाज सावरायची ती उशीही गेली.

समग्र शिक्षा या शाळांसाठीच्या केंद्र-राज्य योजनेत केंद्राचे ६०, राज्याचे ४० टक्के. राज्याचा वाटा रखडला की पुढचा हप्ता अडतो. आपल्या वाडीवस्तीवरच्या मराठी शाळांना हेच जास्त नडतं. याच योजनेतून ३० पर्यंत पटाला संयुक्त शाळा अनुदान (शाळेच्या किरकोळ खर्चाचे पैसे) वर्षाला १०,००० रुपये, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेला. उरलेल्या ९,००० मध्ये खडू, रजिस्टरं, किरकोळ डागडुजी. पट ३१ झाला तर थेट २५,०००! एका पोराचा फरक.

म्हणून एसडीएमसीनं (शाळेच्या विकास व देखरेख समितीनं) अर्ज देताना तरतुदीचा आकडा विचारू नये. प्रत्यक्ष किती रक्कम सोडली आणि कोणत्या तारखेला, ते बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयाकडून लेखी मागावं.