व्हीलस तळ आणि कुंपण न जुमानणारा वारा

परदेशातील हवाई तळांवर वाढलेल्या सैनिकांच्या मुलांनी तो देश पाहिलाच नाही, असे एक मत आहे; मला ते अर्धेच पटते. लिबियात त्रिपोलीजवळ असलेल्या अमेरिकी हवाई दलाच्या व्हीलस तळावर इंग्रजी शाळा, चित्रपटगृह आणि डॉलरमध्ये व्यवहार करणारी दुकाने होती, हे खरे. मात्र दक्षिणेकडून वाळवंटाचा तापलेला गिब्ली वारा सुटला की दारे-खिडक्यांच्या फटींतून घरात शिरणारी बारीक वाळू कुठलेही कुंपण जुमानत नसे. शिवाय अनेक कुटुंबे तळाबाहेर, त्रिपोली शहरातच राहत असल्याने मुलांच्या कानांवर अरबीबरोबर इटालियनही पडत असे. (हा तळ मुळात इटालियनांनीच मेलाहा या नावाने उभारला होता आणि १९३०च्या दशकात त्याच्या परिसरात मोटारींच्या शर्यती होत, ही गंमत फारशी कोणी सांगत नाही.)

जून १९६७मधील अरब-इस्रायल युद्धाच्या वेळी शहरात दंगे उसळले आणि कित्येक मुलांना आईसोबत घाईघाईने विमानाने युरोपात हलवण्यात आले. त्या देशाशी असलेला संबंध त्यांना अशा वेळी नक्कीच जाणवला असेल. १९६९च्या सत्तांतरानंतर, ११ जून १९७० रोजी अमेरिकेने तळ सोडला. आज तेथे मितिगा विमानतळ आहे.