अमेरिकी शाळांत कृष्णवर्णीय शिक्षक मुद्दाम वाढवावेत का?

मेधा_न्यूजर्सी
आमच्या गावच्या शाळा मंडळाच्या बैठकीत कृष्णवर्णीय शिक्षक वाढवायचा विषय निघाला. आपल्याच मराठी ग्रुपातले तिघे-चौघे म्हणाले, "शिक्षक चांगला असला म्हणजे झालं, रंग कशाला बघायचा?" मला हे अजिबात पटलं नाही.

२०२०-२१ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी शाळांत सुमारे ८० टक्के शिक्षक गोरे होते, कृष्णवर्णीय ६ टक्के. मुलांमध्ये मात्र गोरी मुलं निम्म्याहून कमी. ही तफावत आपोआप पडलेली नाही. १९५४ च्या ब्राउन खटल्याने वर्णावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पण मुलं एकत्र आली ती बहुतेक गोऱ्यांच्या शाळांत. कृष्णवर्णीयांच्या शाळांना कुलूप लागलं आणि त्यांचे शिक्षक घरी बसले. १९५४ ते १९६५ या काळात १७ राज्यांत मिळून सुमारे ३८ हजार शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या, असा अंदाज आहे. खटला ज्या टोपेकातून उभा राहिला, तिथे तर निकालाच्या आदल्याच वर्षी अधीक्षकांनी कृष्णवर्णीय शिक्षिकेला पत्र पाठवलं होतं: गोऱ्या मुलांना शिकवायला तुम्ही बहुसंख्य गावकऱ्यांना चालणार नाही, तेव्हा पुढच्या वर्षीची खात्री देता येत नाही.

मिसूरीतल्या मोबर्लीत १९५५ मध्ये शाळा एक झाल्या आणि ११ कृष्णवर्णीय शिक्षक होते, ते अकराच्या अकरा गेले. ते कोर्टात गेले. १९५९ मध्ये अपील कोर्टाने मंडळाचंच म्हणणं मानलं: निवड पात्रतेवर झाली. 'मेरिट' म्हटलं की मला ते अकरा जण आठवतात.

सदानंद के.
मेधाताई, अन्याय झाला, याबद्दल वादच नाही. पण त्याची भरपाई आज पहिली नोकरी शोधणाऱ्या पोरीकडून का घ्यायची? मिशिगनमधल्या जॅक्सनमध्ये कपात आली तेव्हा सेवाज्येष्ठ गोऱ्या शिक्षकांना काढलं आणि त्यांच्याहून कनिष्ठ कृष्णवर्णीयांना ठेवलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते चुकीचं ठरवलं. 'मुलांपुढे आपल्यातला आदर्श हवा' या युक्तिवादाबद्दल न्या. पॉवेल यांनी बजावलं की तो टोकाला नेला, तर ब्राउनने मोडलेल्या व्यवस्थेकडेच परत जाल. काळ्यांना काळे शिक्षक, गोऱ्यांना गोरे. मला याचीच भीती वाटते. माझी बायको इथे गणित शिकवते. तिला 'भारतीय म्हणून घेतली' असं कुणी म्हटलं तर तिला ते सहन होणार नाही.

तेजू_अटलांटा
पण फरक पडतो, सदानंदजी. १९८० च्या दशकात टेनेसीत एका प्रयोगासाठी मुलं आणि शिक्षक चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वर्गांत वाटले होते. तिसरीपर्यंत एकदा जरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभला, तर कृष्णवर्णीय मुलांचं बारावी पूर्ण करण्याचं प्रमाण १३ टक्क्यांनी आणि कॉलेजात जाण्याचं १९ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. एकदाच हं, दरवर्षी नाही.

सदानंद के.
एका राज्यातला, एका काळातला अभ्यास. फरक रंगामुळे पडला की त्या शिक्षकांनी मुलांकडून जास्त अपेक्षा ठेवल्या म्हणून? अपेक्षा ठेवायला कोणत्याही शिक्षकाला शिकवता येईल.

विदर्भकर
हा वाद आपल्याला नवा नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच मांडलं होतं. प्राथमिक शाळांतले जवळजवळ सगळे शिक्षक ब्राह्मण आहेत, ते सोवळ्यापायी मुलांपासून लांब राहतात. शक्यतो शेतकरी वर्गातूनच शिक्षक तयार करा, ते मुलांत मिसळतील, त्यांची गरज ओळखतील. शिवाय ते प्रशिक्षित असावेत, वेळ पडली तर नांगर धरायला न लाजणारे असावेत, असंही त्यांनी सांगितलं. पात्रतेत सूट द्या, असं त्यांचं म्हणणं नव्हतं.

सदानंद के.
'तयार करा' हा शब्द मला मान्य आहे. साउथ कॅरोलिनात क्लेमसन विद्यापीठ २००० सालापासून मुख्यतः कृष्णवर्णीय तरुणांना फी आणि मार्गदर्शन देऊन प्राथमिक शिक्षक म्हणून घडवतंय. अशा दहा योजना काढा, मी वर्गणी देईन. नेमणुकीच्या टेबलावर मात्र रंग नको.

मेधा_न्यूजर्सी
सदानंददादा, वर्गणीचं मी लक्षात ठेवते. पण मोबर्लीतल्या अकरा जणांना तयार करायची गरज नव्हती, ते शिक्षकच होते. गेले ते नेमणुकीच्या टेबलावर. म्हणून पुढच्या बैठकीत मी कोटा मागणार नाही, दोन प्रश्न विचारणार आहे: मुलाखतीला समोर कोण बसतं, आणि गेल्या पाच वर्षांत आपल्याकडून किती कृष्णवर्णीय शिक्षक का सोडून गेले? तुम्ही आलात तर बरं होईल.