कूलर दुपारी गार, संध्याकाळी चिकचिक

प्रश्न: इंदिरानगर, वरचा मजला. एप्रिलच्या या आठवड्यात दुपारी कूलर छान चालतो, पण संध्याकाळी ढग आले की खोली दमट होते. पंप बिघडलाय का?

उत्तर १: पंप ठीक आहे. गारवा बाष्पीभवनाचा असतो. दुपारची कोरडी हवा पाणी पटकन शोषते; अवकाळीचं आभाळ आलं की हवेत आधीच ओल असते. तेव्हा पंप बंद, नुसता पंखा. शिवाय समोरची खिडकी उघडी हवीच, ओली हवा बाहेर जायला. बहुतेक तक्रारी इथेच मिटतात.

उत्तर २: बोअरचं पाणी असेल तर गवताच्या जाळ्यांवर क्षार बसून हवा अडते. ब्रशने झाडा, कडक झाल्या तर बदला. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा. डासांची अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

उत्तर ३: रात्री बाहेरचं तापमान उतरतं, तेव्हा कूलरऐवजी खिडक्या उघडा.