नुसत्या उजेडाने भागत नाही
उजेड पडला की पानांची छिद्रं उघडतात हे बरोबरच, पण ती अर्धीच गोष्ट झाली. सगळा उजेड सारखा नसतो, निळा प्रकाश थोडासा असला तरी पुरतो, तो छिद्राच्या दोन बाजूंना असलेल्या रक्षक पेशींतला प्रोटॉन पंप (प्रोटॉन पेशीबाहेर ढकलणारी यंत्रणा) चालू करतो, मग पोटॅशियम आत, त्याच्यामागे पाणी आत, आणि त्या दोन पेशी फुगून धनुष्यासारख्या वाकल्या की मधे फट पडते. कार्बन डायऑक्साइडचं काय पण? पानाच्या आत तो साठला तर भर उजेडातही छिद्रं आकसतात. निवडुंग तर उलट्या खोपडीचा, रात्री उघडतो! रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची साल सोलून मायक्रोस्कोपखाली धरा आणि मिठाचं पाणी सोडा, थोड्या वेळात छिद्रं मिटताना चक्क दिसतात.