आयसीयूतली झोप बॅन्डने मोजणार? आधी पेशंटला विचारा ना

मुक्ता_व

परवा इथेच एकाने लिहिलं की आयसीयूतल्या प्रत्येक पेशंटच्या मनगटाला स्मार्ट बॅन्ड बांधा, रात्री झोप किती झाली ते सकाळी मोबाइलवर दिसेल, नर्सच्या डोक्याला ताप नाही आणि डॉक्टरांना आयता आकडा. खाली लाइकचा पाऊस. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाहीये. लांब होईल, वाचायचं तर वाचा.

माझे बाबा गेल्या वर्षी पुण्यातल्या एका हॉस्पिटलात अकरा दिवस आयसीयूत होते. न्यूमोनिया, त्यातले पाच दिवस व्हेंटिलेटरवर. नळी काढल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मला आत सोडलं तेव्हा पायाशी लावलेल्या चार्टवर लिहिलेलं, रात्री झोप चांगली. आणि बाबा? घसा बसलेला, कुजबुजत म्हणाले, "रात्रभर मुंग्या मोजत होतो गं." वर छताला ती बारीक भोकांची पांढरी शीट असते ना, ती भोकं त्यांना चालताना दिसत होती. मग विचारलं, आत्ता दिवस आहे का रात्र. समोर भिंतीवर घड्याळ होतं की, पण चष्मा आणि कानातलं मशीन आम्हाला पहिल्याच दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत दिलेलं, सही घेऊन. चष्म्याशिवाय घड्याळ कसं दिसणार आणि मशीनशिवाय कोण काय सांगतंय ते कसं कळणार.

तो माणूस रात्रभर हलला नाही कारण हलायची ताकदच नव्हती अंगात. एका मनगटात ए-लाइन, म्हणजे धमनीत घातलेली नळी, दुसऱ्या हाताला सलाइन, खाली लघवीचं कॅथेटर. बॅन्ड मोजतो हालचाल आणि पल्स. निपचित पडलेल्या, टक्क जागा असलेल्या माणसाला त्याने खुशाल आठ-नऊ तास झोप दाखवली असती. हे माझ्या मनाचं नाही, आयसीयूत हे मनगटावरचं मोजमाप खऱ्या झोपेपेक्षा जास्त झोप दाखवतं हे तपासून झालेलं आहे.

बरं, दुसरा मार्ग नाही असंही नाही. रिचर्ड्स-कॅम्पबेल नावाची प्रश्नावली २००० सालापासून आहे. पाच प्रश्न. झोप गाढ होती का, लागायला वेळ लागला का, किती वेळा जाग आली, जाग आल्यावर परत लागली का, आणि एकंदर कशी झाली. पेशंटने ० ते १०० च्या रेघेवर खूण करायची, पाचांची सरासरी काढायची, झालं. दोन मिनिटांचं काम. बाबांना अकरा दिवसांत एकदाही कोणी विचारलं नाही, "काका, झोप लागली का?" माझं भांडण तेवढंच आहे.

गॅजेटप्रेमी

तो परवाचा धागा माझाच. तुमच्या बाबांचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण एका माणसावरून सगळं मोडीत काढू नका. विचारा विचारा म्हणताय, विचारणार कोणाला? अर्धे पेशंट भुलीच्या औषधांवर, उरलेल्यांतले कितीतरी भ्रमात. तुमच्या बाबांनाच भोकं चालताना दिसत होती ना? मग त्यांनी रेघेवर केलेली खूण खरी कशी मानायची? मशीन चुकत असेल पण निदान रोज एकसारखं चुकेल, आज कालच्यापेक्षा कमी का जास्त एवढं तरी कळेल. आकडा नाही तर सुधारणा नाही, कुठल्याही कामात हेच आहे.

मुक्ता_व

रोज एकसारखं चुकत नाही, हाच तर मुद्दा आहे! माणूस जितका अशक्त तितका तो कमी हलणार आणि तितकी त्याची झोप "छान". म्हणजे तब्येत बिघडली की तुमचा स्कोअर वाढणार. आणि फिजिओ सुरू झाली, हातपाय हलायला लागले की कमी होणार. असला आकडा डॉक्टरच्या हातात देण्यापेक्षा काहीच न दिलेलं बरं.

डॉ_भूलतज्ज्ञ

आयसीयूत पंधरा वर्षं काढली आहेत म्हणून दोघांनाही थोडं सांगतो.

गॅजेटप्रेमी, बॅन्डचं सोडाच, डोक्याला ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या लाटा टिपणाऱ्या तारा लावून पूर्ण पॉलिसोम्नोग्राफी, म्हणजे झोपेची सविस्तर तपासणी केली तरी आयसीयूत गोंधळ होतो. झोपेचे टप्पे ओळखायचे नियम १९६८ साली निरोगी माणसांवरून बसवले, पुढे २००७ ला सुधारले. आमच्या पेशंटांपैकी बऱ्याच जणांचा ईईजी त्यात बसतच नाही. डोळे उघडे, बोलतोय, आणि लाटा झोपेतल्यासारख्या संथ, किंवा उलट. जी झोप मिळते त्यात वरवरची जास्त, गाढ आणि स्वप्नांची अगदी कमी, आणि चोवीस तासांतली निम्मी झोप दिवसा पडू शकते, तुकड्यातुकड्यांत. अमेरिकेतल्या क्रिटिकल केअर सोसायटीच्या २०१८ च्या गाइडलाइन्सनी सुचवलंय की यंत्राने झोप मोजायचा रोजचा रिवाज नको, पेशंटला विचारणं मात्र चालू ठेवा.

मुक्ताताई, आता तुमची बाजू. ती प्रश्नावली पडताळली ७० पेशंटांवर, सगळे पुरुष. पॉलिसोम्नोग्राफीशी मेळ मध्यम, फार पक्का नाही. आणि शुद्धीवर नसलेल्याला ती लागूच नाही. आणि वॉर्डातला गोंगाट थांबवला की सगळं सुटेल असं समजू नका. २००३ मध्ये टोरांटोत मोजलं तेव्हा आवाज आणि नर्सिंगची कामं मिळून तीस टक्क्यांहून कमी वेळा जाग येण्याला जबाबदार निघाली. बाकीचं आजार, दुखणं, औषधं, व्हेंटिलेटरचं सेटिंग. इंजेक्शन देऊन निजवलेला पेशंटसुद्धा झोपलेला नसतो. मिडाझोलमसारख्या गुंगीच्या औषधाने डोळे मिटतात, पण गाढ झोप आणि स्वप्नांची झोप उलट कमी होते. नातेवाईक मला सांगतात, "डॉक्टर, आज शांत झोपलेत." मी काय बोलणार.

रात्रपाळी

मी स्टाफ नर्स. "झोप चांगली" हे लिहिणारी मीच, म्हणून बोलते.

आमची नाइट रात्री ८ ते सकाळी ८. व्हेंटिलेटरच्या पेशंटला एकास एक नर्स असावी असं म्हणतात. माझ्याकडे परवा तीन होते, दोन व्हेंटिलेटरवर. दर तासाला व्हायटल्स म्हणजे बीपी-पल्स वगैरे, दोन तासांनी कूस बदलणं, सक्शन म्हणजे नळीतला कफ ओढणं, सलाइनचे पंप, एबीजी म्हणजे धमनीतल्या रक्ताची तपासणी. साडेतीनला स्पंजिंग सुरू करावं लागतं, नाहीतर सातपर्यंत होत नाही. पाचला ब्लड, कारण आठच्या राउंडला रिपोर्ट हवा. साडेपाचला एक्सरेवाला मशीन ढकलत येतो, त्या मशीनचं एक चाक वाजतं, सगळा वॉर्ड उठतो, पाठीखाली प्लेट सरकवायला पेशंटला उचलायचं. आणि सातला मी चार्ट पूर्ण करायला बसते तेव्हा झोपेचा एक रकाना असतो. मी रात्रीत दहा वेळा बघितलं, दहाही वेळा डोळे मिटलेले, मी लिहिलं झोपले. खोटं लिहायचं म्हणून नाही लिहिलं ताई. मिटलेले डोळे मला दिसले, आतलं नाही दिसलं.

आणि स्पंजिंग पहाटे करायची हौस नाहीये कोणाला. पहाटे साडेतीनला गार पडलेल्या आजोबांना ओल्या कपड्याने पुसताना मला काय वाटतं ते कधी विचारलंय का कोणी?

नाना_सिन्नरकर

सिस्टर तुमचं सगळं मान्य पण तुम्ही नातेवाइकांना बाहेर का ठेवता ते सांगा आधी. माझी बायको सहा दिवस आत होती, मी जिन्यात पेपर टाकून झोपलो, दिवसातून दोनदा दहा दहा मिनिटं, तेही गाउन चढवण्यात तीन मिनिटं जायची. तिला रात्री माझा हात धरल्याशिवाय झोप लागत नाही, चाळीस वर्षांची सवय आहे. मी नुसता स्टुलावर बसलो असतो, एक शब्द बोललो नसतो. बिल मात्र दर दिवशी बरोबर बारा वाजता तयार.

रात्रपाळी

काका, तुम्ही एकटे बसला असता गप्प, मला खात्री आहे. पण मागच्या महिन्यात एका पेशंटमागे अकरा जण दारात होते, एकाने ब्रदरची कॉलर धरली. रात्री दोन वाजता. नऊ पेशंट जागे झाले. आम्ही दार बंद ठेवतो त्याला कारण आहे.

नाना_सिन्नरकर

म्हणजे त्या अकरा जणांची शिक्षा माझ्या बायकोला? ती शेवटच्या रात्री काय म्हणाली असेल, कोणाला हाक मारली असेल, मला माहीत नाही. तुमच्या चार्टवर शांत झोपल्या असंच असणार.

गॅजेटप्रेमी

धागा कुठून कुठे गेला. झोप मोजण्याबद्दल बोलत होतो आपण.

मुक्ता_व

कुठेही गेलेला नाही. नानाकाकांना आत बसू दिलं असतं तर काकूंना झोप लागली की नाही हे आत्ता एका माणसाला तरी माहीत असतं. मोजणंच आहे हे. तुम्हाला फक्त स्क्रीनवर दिसतं तेच मोजमाप वाटतं, त्याला मी काय करू?

गॅजेटप्रेमी

हे वैयक्तिक होतंय. मी माझ्या आजीसाठी शोधत होतो हो काहीतरी. ती बोलू शकत नव्हती, तिला विचारून उपयोग नव्हता, म्हणून मला बॅन्ड सुचला. निपचित माणसाला तो झोपलेला दाखवणार, हे मला खरंच माहीत नव्हतं. ठीक आहे, बॅन्डचं मागे घेतो. पण जे बोलू शकत नाहीत त्यांचं काय, याचं उत्तर तुमच्यापैकी कोणीच दिलेलं नाही.

डॉ_भूलतज्ज्ञ

प्रश्न योग्य आहे. नर्सने पेशंटच्या वतीने रेघेवर खूण करून पाहिलेली आहे, पण नर्सचा आकडा पेशंटच्या आकड्यापेक्षा जास्त येतो, म्हणजे सिस्टर म्हणाल्या तेच, मिटलेले डोळे. अशा पेशंटच्या रकान्यात प्रामाणिकपणे "सांगता येत नाही" लिहावं असं माझं मत आहे. आणि झोप झालीच नाही असं धरून चालावं. रात्री दिवे कमी, चष्मा-मशीन दिवसा लावलेलं, कानात बोळे, डोळ्यांवर पट्टी, कामं एकत्र उरकणं. जागतिक आरोग्य संघटना रात्री हॉस्पिटलच्या खोलीत ३० डेसिबल म्हणते, आमच्याकडे पन्नासच्या खाली येत नाही, आणि त्यात आम्ही डॉक्टरच मोठ्याने बोलत असतो.

रात्रपाळी

आणि पाचचं ब्लड, सर? ते कोणाच्या राउंडसाठी जातं?

डॉ_भूलतज्ज्ञ

आमच्या. मान्य. साडेसहाला घेतलं तर आठच्या राउंडला निम्मे रिपोर्ट येणार नाहीत, राउंड नऊला न्यावा लागेल, मग ओपीडी उशिरा. तरी स्टेबल पेशंटांचं सहानंतर घ्यायला हरकत नसावी. विचारतो युनिटमध्ये. वचन देत नाही.

मुक्ता_व

सिस्टर, तुमच्यावर राग काढायचा नव्हता. तीन पेशंट एकटीने बघताना तुम्ही आणखी एक फॉर्म भरावा हे मी कुठल्या तोंडाने म्हणू. पण तो एक प्रश्न, तोंडी, जाताजाता?

रात्रपाळी

रेघेचं आमच्याकडे चालत नाही ताई. खेड्यातल्या आजी-आजोबांना रेघ दाखवली की "सही कुठे करू" विचारतात. आमची एक सीनियर सिस्टर आण्यांत विचारते. "आजी, रुपयातली किती आणे झोप झाली?" लगेच सांगतात. सोळा आणे कोणी म्हणत नाही.

नाना_सिन्नरकर

हे बरोबर आहे. आमच्या हिने पण आण्यातच सांगितलं असतं.

रात्रपाळी

आज सकाळी ड्यूटी सुटायच्या आधी विचारलं. बेड ७ च्या आजी, हार्टच्या, परवा नळी काढलीये. बोट दाखवून म्हणाल्या, "चार आणे. त्या टिकटिकवाल्याने खाल्ली." सलाइनचा पंप त्यांच्या कानाशीच होता, स्टँड पायाकडे सरकवला. चार्टच्या रकान्यात फक्त चांगली, बरी, नाही एवढंच आहे, म्हणून खाली रिमार्कमध्ये लिहिलं, पेशंटच्या सांगण्यानुसार चार आणे. ब्लड पाचलाच गेलं.