बँकॉकमध्ये खरं थाई जेवण कुठे? लवकर मदत हवी आहे

रानवारा:
बँकॉकमध्ये आहोत. हॉटेलच्या आसपास सगळीकडे फोटोवाले इंग्रजी मेन्यू आणि सगळ्याची चव गोडूस. थाई माणसं रोज दुपारी जिथे जेवतात तशी जागा हवीय. मॉलमधलं फूडकोर्ट नको. उद्या सकाळीच जेवायची जागा गाठायला बाहेर पडायचंय, तेव्हा नेमकं सांगा.

रविवारचा_डबा:
नेमकं सांगायला आधी हे कळू दे: हॉटेल कुठल्या भागात? शाकाहारी की सगळं चालतं? सोबत कोण आहे?

पार्लेकर_काका:
पाहुरातला जा. आपल्या लोकांची जुनी वस्ती आहे, फुलके-डाळ गरमागरम मिळतं. परदेशात पोट सांभाळणं महत्त्वाचं.

कोकणी_मेवा:
काका, त्यांना थाई हवंय, फुलके नाही.

रानवारा:
प्रतुनाममध्ये आहोत. मी सगळं खाते. सासूबाई माळकरी आहेत, पण त्यांना तोफू-भाज्यांचं काहीतरी मिळेलच ना?

रविवारचा_डबा:
अहो, हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं! नुसत्या भाज्या मागून भागत नाही. परतलेल्या पालेभाजीतही नाम प्ला, म्हणजे माशाचा सॉस असतो आणि करीच्या वाटणात कापी, म्हणजे आंबवलेली कोळंबी. सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, तिच्यावरही सुकी कोळंबी पडते. आईंसाठी पिवळ्या पाटीवर किंवा झेंड्यावर लाल अक्षरं असलेलं दुकान शोधा. ते अक्षर इंग्रजी सतराच्या आकड्यासारखं दिसतं. तिथे मांस, मासे, अंडी, दूध काही नसतं, कांदा-लसूणही नाही. इतरत्र 'गिन जे', म्हणजे 'असलं शुद्ध शाकाहारी खाते' म्हणा, लोकांना कळतं.

चिंचेचा_कोळ:
एक विनंती, पॅड थाई खाऊन 'खरं थाई खाल्लं' म्हणू नका. नूडल्स मूळच्या चिनी आणि तो पदार्थ देशभर पसरवला तेव्हाचे पंतप्रधान फिबून यांच्या सरकारने, दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास.

कोकणी_मेवा:
म्हणून तो थाई नाही? उपासाच्या खिचडीतला साबुदाणा, बटाटा, दाणे, मिरची सगळं बाहेरून आलेलं. मग ती आपली नाही का?

चिंचेचा_कोळ:
खिचडी कुठल्या सरकारने पसरवली नव्हती. मुद्दा तो आहे.

ईशान्य_वारा:
बँकॉकमध्ये वेळ घालवू नका. उत्तरेतलं चियांग माई गाठा. खाओ सोई म्हणजे करीतल्या नूडल्स, साय उआ म्हणजे मसालेदार सॉसेज, भाजलेल्या हिरव्या मिरच्यांची चटणी नाम प्रिक नुम. वारोरोत बाजारात पोट भरून खा.

रानवारा:
परतीची तिकिटं बँकॉकहून आहेत हो. बँकॉकचंच सांगा ना!

रविवारचा_डबा:
सांगतो. 'खाओ गाएंग' लिहिलेली दुकानं बघा: भात आणि त्यावर दोन-तीन कालवणं. काचेमागे परातीत सगळं मांडलेलं असतं, बोटाने दाखवायचं. अकराच्या सुमारास जा, दुपारनंतर चांगलं संपलेलं असतं. तुम्हाला आंबट-जहाल हवं असेल तर दक्षिणेकडचं पिवळं गाएंग सोम घ्या.

जागा म्हणाल तर वांग लांग बाजार. सिरिराज हॉस्पिटलला लागून आहे, त्यामुळे डॉक्टर, नर्स, विद्यार्थी तिथेच जेवतात. सफान ताक्सिनपर्यंत स्कायट्रेन, पुढे नारिंगी झेंड्याची बोट.

कोकणी_मेवा:
पण उद्या सोमवार! रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्या सोमवारी लागत नाहीत. त्यापेक्षा ओर तोर कोर बाजार, कामफाएंग फेत मेट्रो स्टेशनला लागूनच. तो रोज असतो. भाजी-फळं बघण्यासारखी आणि आत शिजवलेलं जेवणही.

रविवारचा_डबा:
ओर तोर कोर महाग आहे. रोजचं जेवण विचारलंय त्यांनी.

कोकणी_मेवा:
सोबत वयस्कर बाई आहेत. सावली आहे, बसायला जागा आहे. थोडे पैसे जास्त गेले तर जाऊ देत.

सुगरण_सखी:
विषय निघालाच आहे तर, थाई करीत गलांगलऐवजी (तो आल्यासारखा कंद) आपलं आलं चालेल का?

चिंचेचा_कोळ:
नाही. वास पूर्ण वेगळा.

रानवारा:
ओर तोर कोरला जाऊन आलो. आईंना पिवळ्या पाटीचं दुकान सापडलं, भातावर तोफू-मशरूमचं कालवण घेतलं, पुन्हा मागून घेतलं. मला गाएंग सोम मिळालं, घाम फुटला, पण हेच हवं होतं. वांग लांगला उद्या. तिथे सकाळी किती वाजता जावं?

पार्लेकर_काका:
पाहुरातला मात्र एकदा जाऊन याच.