मदत हवी आहे: रात्री वाचलेलं सकाळी आठवत नाही

पाटीवाला: काल रात्री राज्यघटनेचं कलम ३२ दोनदा वाचलं, आज सकाळी डोकं कोरं. परीक्षा तोंडावर आलीय. रोजच्या सवयींत काय बदललं तर लक्षात राहील? औषधं नकोत. लवकर सांगा.

कृष्णाकाठ: कोणती परीक्षा? वय? झोप किती? काहीच कळेना.

सईची आजी: ब्राह्मीचं तूप घ्या, सोबत भिजवलेले बदाम. आमच्याकडे सगळ्यांना देते.

कृष्णाकाठ: आजी, औषध नको म्हणालेत ते.

सईची आजी: तूप हे औषध कधीपासून झालं?

पाटीवाला: खात्याची परीक्षा. वय ४३. दोनला झोपतो, साडेपाचला उठतो. नोकरी सांभाळून आणखी वेळ कुठून आणू?

तांबडी शाई: मग गाडी इथेच अडलीय. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत, तीच तुम्ही कापताय. रात्रीचं वाचन अकराला बंद करा. आणि दोनदा वाचण्यापेक्षा एकदा वाचून पुस्तक मिटा, आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहा, सुटलेलं लाल पेनाने भरा. हेच उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की सर्वांत जास्त गळती पहिल्या दिवसातच होते. त्यामुळे घाबरू नका.

जुना मास्तर: आम्हाला पावकी, निमकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ होते. आता पोरांना घरचा फोन नंबर येत नाही. मोबाइल काढून घ्या आधी.

कृष्णाकाठ: सर, ते ४३ वर्षांचे आहेत. पाटीवाला, रोज अर्धा तास भरभर चाला. मला त्यानेच फरक पडला.

तांबडी शाई: चालणं चांगलंच, पण झोपेची भरपाई त्याने होत नाही.

रक्तगट ओ: शाकाहारी आहात? मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू आहे?

पाटीवाला: दोन्ही हो. काही वर्षं झाली. का?

रक्तगट ओ: दोन्हींमुळे बी१२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं आणि त्यानेही विसरायला होतं. डॉक्टरांना सांगून रक्त तपासा. गोळी मात्र मनाने बंद करू नका.

पाटीवाला: उपाशीपोटी जायचं का? कागदाचं आत्ताच करून पाहिलं. कलम ३२ मधल्या पाच रिटपैकी (म्हणजे कोर्टाचे आदेश) देहोपस्थिती, महादेश, प्रतिषेध आले. प्राकर्षण आणि क्वाधिकार गळाले.

रक्तगट ओ: साखरही तपासून घ्या, म्हणजे उपाशीच जा.

सईची आजी: आणि बदाम?